मालक बदलतोय, एवढं तरी लेखी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सतरा वर्षं स्टोअरला आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात, कॉन्ट्रॅक्टची पोरं धरून सव्वादोनशे माणसं. हा कारखाना विकला जाणार असं दिवाळीच्या आधीपासून कानावर येतंय. कुणी म्हणतं पुण्याच्या पार्टीनं घेतला, कुणी म्हणतं बाहेरच्या देशातली कंपनी आहे. कचेरीतून एकदाच निरोप आला, तोही तोंडी: अफवांवर विश्वास ठेवू नका, कामाकडे लक्ष द्या.

त्यानंतर आठवड्याभरात चार माणसं लॅपटॉप घेऊन आली आणि तीन दिवस माझ्या स्टोअरमध्ये बसली. बिन कार्डावरचा, म्हणजे मालाच्या कप्प्याला लावलेल्या नोंदीच्या कार्डावरचा, आकडा आणि रॅकमधला माल जुळवून पाहिला. दोन वर्षांत न हललेल्या मालाची, म्हणजे आमच्या भाषेत नॉन-मूव्हिंगची, वेगळी यादी मागितली. मी काढून दिली. त्याच दिवसांत टाइम ऑफिसमधून सगळ्या माणसांची यादी गेली: जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, खातं, पगार. ही गोष्ट कँटीनपर्यंत पोचायला एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी ग्राइंडिंगचे बावन्न वर्षांचे एक ऑपरेटर हँडग्लोव्हज घ्यायला खिडकीशी आले आणि म्हणाले, "ताई, मी पण आता नॉन-मूव्हिंगमध्ये ना?" ते थट्टा करत नव्हते. मला उत्तर देता आलं नाही.

चौदा कॉन्ट्रॅक्टची पोरं जानेवारीत बंद झाली. त्याला कपात म्हणत नाहीत, गेट पास संपला म्हणतात. सीएनसीचे, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन लावून देणारे, दोन चांगले सेटर आपणहून शिरवळला गेले. ज्यांना बाहेर काम मिळतं ते थांबत नाहीत. उरलेले रजा टाकायला घाबरतात. एकानं आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय. एका मुलाचं लग्न ठरत आलेलं असताना बैठकीत विचारलं गेलं, कंपनी राहणार आहे ना? तो कोरेगावचा, घरचा एकुलता कमावता. बैठक तिथंच थांबली.

साताऱ्याला मालक बदलण्याची गोष्ट नवी नाही. १९३६ साली इथं सुरू झालेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर २ सप्टेंबर २००६ ला निर्बंध आले आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झालीसुद्धा. पुढच्या एप्रिलमध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये गेली. आपली बँक गेली याचं दुःख अजून लोक बोलून दाखवतात, ते खरंच आहे. पण युनायटेड वेस्टर्नचा निकाल महिन्याभरात लागला. शिवाय निर्बंधाखालची बँक दुसऱ्या बँकेत अशी विलीन होते तेव्हा सरकारची योजना छापून येते आणि कर्मचाऱ्यांची नोकरी त्याच पगारावर चालू राहील, हे त्यात लिहिलेलं असतं. खासगी कारखाना विकताना असा कागद कुणाला दाखवावा लागत नाही. आम्ही कित्येक महिने वाट पाहतोय आणि हातात एक ओळ नाही.

म्हणून मी स्वतःच माहिती काढायला लागले. व्यवहार दोन तऱ्हेने होतो. नव्या माणसानं कंपनीचे शेअर विकत घेतले तर कंपनी तीच राहते, फक्त तिचे धनी बदलतात आणि आपली नोकरी कागदोपत्री होती तशीच चालू असते. पण कारखाना म्हणजे जागा, मशिनरी, धंदा उचलून दुसऱ्या कंपनीच्या नावावर गेला, तर कायदा सांगतो: सेवा न तुटता, आधीपेक्षा कमी नाहीत अशा अटींवर कामगाराला पुढे घ्या आणि मागची सगळी वर्षं मोजण्याची जबाबदारी नव्या मालकावर घाला; ते होणार नसेल तर कपात केल्यासारखी नोटीस आणि भरपाई द्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, त्याच्या जागी आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तेव्हा आमचा व्यवहार यातला कुठला, हा प्रश्न विचारणं म्हणजे कंपनीची गुपितं मागणं नव्हे.

भरपाई आहे वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. माझी सतरा वर्षं धरली तर दोनशे पंचावन्न दिवसांचा पगार होतो. सेवा नव्यानं सुरू झाली आणि वर्षभरानं काढलं तर पंधरा दिवसांचा. माझ्या मावसभावाचं कुपवाडला असंच झालं. कारखाना विकला गेला, नव्या व्यवस्थापनानं सांगितलं की जुन्या कंपनीचा राजीनामा द्या, लगेच नवीन नेमणूकपत्र देतो. पगार तोच, मशीन तेच, म्हणून सगळ्यांनी सह्या केल्या. दीड वर्षानं मंदीचं कारण देऊन त्यांना कमी केलं तेव्हा आधीची अकरा वर्षं हिशेबात नव्हती. ज्यांची पाच वर्षं भरली नव्हती त्यांची ग्रॅच्युइटी तर राजीनाम्याबरोबरच गेली होती. माझ्या कारखान्यातल्या आणि आसपासच्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, राजीनाम्याच्या कागदावर त्याच दिवशी सही करू नका. घरी आणा, युनियनला दाखवा, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा.

आणखी एक काळजी आहे. जुन्या कायद्यानं शंभर किंवा जास्त कामगार असतील तर कपातीआधी सरकारची परवानगी लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तो आकडा तीनशे झाला. आमच्यासारखे कारखाने नेमके या दोन आकड्यांच्या मध्ये सापडतात. सुपरवायझर मंडळींचं तर आणखी अवघड, ठरावीक पगाराच्या वर असतील तर कायदा त्यांना कामगारच मानत नाही. पंचवीस वर्षं आमच्यावर देखरेख केलेली ही माणसं आज आमच्यापेक्षा जास्त घाबरलेली आहेत आणि त्यांना युनियनही नाही.

मोठ्या मालकांबद्दल माझ्या मनात राग नाही. माझ्या बाळंतपणात त्यांनी जागा राखून ठेवली होती. त्यांचं वय झालं, मुलांना हा धंदा करायचा नाही, तर त्यांनी विकावा. सह्या होईपर्यंत किंमत आणि नाव गुप्त ठेवावं लागतं, हेही मी समजू शकते. पण बोलणी चालू आहेत, शेअर जाणार की कारखाना जाणार, सेवा सलग धरली जाईल की नाही आणि कुणाकडूनही राजीनामा मागणार नाही, एवढं मराठीत एका पानावर, सहीशिक्क्यानिशी, टाइम ऑफिसशेजारच्या बोर्डावर लावायला काय हरकत आहे? कपात होणारच असेल तर तेही लिहा. ऑपरेशन करायचं की थांबायचं, कर्ज काढायचं की नाही, हे माणसाला ठरवता येईल.

पहिल्या पाळीची माणसं हल्ली सातच्या आधीच येतात. पंचिंग करण्यापूर्वी त्या बोर्डापुढे थांबून बघतात. तिथं अजून गेल्या वर्षीच्या सुट्ट्यांची यादी आहे.

सध्याची परिस्थिती पाहता नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक, कोडोली, सातारा