सही करायची घाई करू नकोस

बाळा,

काल फोनवर म्हणालास ना, की तिचे वकील काय लिहितील ते लिहू देत, मी सही करून मोकळा होतो. तेव्हा काही बोलले नाही, पण ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. तुम्ही नवरा-बायकोने वेगळं व्हायचं ठरवलंय ते मी मान्य केलंय, त्यावर आता एक शब्द बोलणार नाही. पण दमून केलेली सही फार महागात पडते रे, आणि ती दोघांनाही पडते.

म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट, हा नुसता अर्ज नाही. एक वर्ष वेगळं राहिल्यावर अर्ज करता येतो, मग कोर्ट सहा महिने थांबायला लावतं. ते सहा महिने माफ होऊ शकतात असं सुप्रीम कोर्टाने 2017 मधे सांगितलंय, पण कधी, तर बराच काळ वेगळे राहत असाल, समेटाचे प्रयत्न झालेले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं खरंच मिटलेलं असेल तेव्हा. म्हणजे तुला लवकर सुटायचंय तर आधी नीट बसून ठरवावंच लागणार. आणि हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे तोंडी "बघू नंतर" असं काही ठेवू नकोस.

सगळ्यात मोठा गुंता फ्लॅटचा. लोकांना वाटतं की घटस्फोट झाला की आपोआप अर्धं अर्धं होतं, तसा नियम आपल्याकडे नाहीये, म्हणून तर लिहून घ्यावं लागतं की फ्लॅट कोणाकडे, दुसऱ्याने हक्कसोड पत्र कधी रजिस्टर करून द्यायचं, तोपर्यंत हप्ते कोण भरणार. कर्ज दोघांच्या नावावर आहे ना? मग कोर्टात तुम्ही काहीही ठरवा, बँक तुमच्या भांडणात नव्हतीच, हप्ता थकला की ती दोघांनाही धरणार. कर्जातून एकाचं नाव काढायला बँकेची वेगळी मंजुरी लागते, ते आधी विचारून घे. आणि तिचेही पैसे त्या घरात गेलेत हे विसरू नकोस.

तिचे दागिने, लग्नात तिला मिळालेल्या वस्तू, ते तिचं स्त्रीधन आहे, त्यावर घासाघीस करायची नाही. यादी करून दे आणि मिळाल्याची सही घे. माझ्या कपाटात जे आहे ते मी स्वतः काढून ठेवतेय.

पगार किंवा एफडी लपवायचा सल्ला कोणी मित्र देईल, ऐकू नकोस. उद्या बोलणी फिसकटली आणि पोटगीचा अर्ज झाला तर दोघांनाही मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं, 2020 पासून सुप्रीम कोर्टाने ते सगळीकडे लागू केलंय. आणि कायद्याचं जाऊ दे, मला आवडणार नाही.

आता छोटीचं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं, आणि ती आईकडेच राहावी असं मलाही वाटतं, पण तू भेटणार कधी, सुट्ट्या कशा वाटायच्या, आजारी पडली तर कळवायचं कोणी, शाळेच्या फॉर्मवर कोणाचं नाव, परदेशी न्यायचं झालं तर कोणाला विचारायचं, हे सगळं लिही. "सोयीने भेटेल" असं लिहिलंस तर कोणाची सोय यावरच भांडाल. परिस्थिती बदलली तर कोर्ट ताब्याचा हुकूम बदलू शकतं, म्हणून जन्माचं ठरवतोय या धास्तीने अडून बसू नकोस. छोटीचा खर्च मात्र तिचा हक्क आहे, "मला काही नको" असं तिची आई रागात म्हणाली तरी तो सोडता येत नाही, आणि तूही सोडू देऊ नकोस. फी दरवर्षी वाढते, रक्कमही वाढेल असं लिहून टाक.

तुझा स्वतःचा वेगळा वकील कर, दोघांत एक नको. ड्राफ्ट आला की मला व्हॉट्सॲपवर टाक, मला त्यातलं सगळं कळणार नाही पण छोटीचं पान मी वाचणार आहे. आणि पीएफ, विमा यांचे नॉमिनी अजून जुनेच असतील, वकिलांना विचारून तेही बघून घे.

आई