नाटकाची हँडबिले दाखल नोंदवहीत कधी येणार?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

मराठी रंगभूमी दिनाच्या आपल्या पुरवणीत, जुन्या नाटक मंडळ्यांचे कागदपत्र आता उरलेले नाहीत, अशा अर्थाचे एक वाक्य आले आहे. त्या वाक्याला माझी हरकत आहे. कागद उरले आहेत, आणि त्यांतले बरेचसे विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आहेत. फक्त त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही, त्यामुळे ते असून नसल्यासारखे झाले आहेत.

मी एस. टी.च्या हिशेब शाखेतून निवृत्त झालेला माणूस. नाटकाशी माझे नाते तिकीट काढून बघण्याचे, फार तर पडदा पडल्यावर गल्ला किती झाला असेल याचा अंदाज करण्याचे. निवृत्तीनंतर याच अंदाजाचे वेड लागले. एवढी माणसे, एवढे पडदे, एवढ्या पेट्या घेऊन गावोगाव बिऱ्हाड करणाऱ्या मंडळ्या चालत कशा होत्या? कोणी कोणते पद कसे म्हटले यावर मराठीत रग्गड लिहिलेले आहे. पडद्यांना गाडीभाडे किती पडले, जेवणावर महिना काय जाई, पावसाळ्यात खेळ बंद पडले की पगार कुठून देत, यावर फार थोडे आहे.

५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. मला विचाराल तर १८५१ हे साल तितकेच महत्त्वाचे. त्या वर्षी सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन वारले आणि भाव्यांचा राजाश्रय संपला. मग मंडळी बाहेर पडली आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिने खेळ केले. राजाच्या हुकमावरून होणारे नाटक तिकिटावर जगू लागले, ते इथून. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीतले नोकर. म्हणजे आमच्याच जातकुळीतले, हे मी उगाचच मध्ये सांगून घेतो.

तर हा हिशेब शोधायला मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी पुढे मला मदतच केली, आणि गोष्ट एकट्या त्या ग्रंथालयाची नाही. अर्जावर दोन रकाने होते : 'विभाग' आणि 'मार्गदर्शकाचे नाव'. दोन्हींत मी 'नाही' असे लिहिले. काउंटरवरच्या मुलाने अर्ज परत केला. "काका, रिकामे चालेल का असे? कोणाचे तरी पत्र आणा." ओळखीच्या एका निवृत्त प्राचार्यांनी पत्र दिले तेव्हा वाचनकक्ष उघडला. ज्यांच्या ओळखीचे प्राचार्य नसतील त्यांनी काय करावे? नाटकाच्या इतिहासावर आपल्याकडे ज्यांनी मनापासून खपून लिहिले, त्यांतले कितीतरी जण कोणत्याही विभागाचे नव्हते.

आत गेल्यावर मात्र खजिना आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची बहुतेकांना माहीत असते. १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांचा पहिला खंड १९४३ चा. पण माझ्यासारख्याला खरे घबाड सापडले ते सरकारी याद्यांत. छापखान्यांच्या नोंदणीचा कायदा १८६७ ला झाला. तेव्हापासून मुंबई इलाख्यात छापल्या जाणाऱ्या पुस्तकांची यादी दर तीन महिन्यांनी निघू लागली. पुस्तकाचे नाव, कर्ता, छापखाना, गाव, पाने, आकार, आवृत्ती, किती प्रती काढल्या आणि किंमत काय, हे सगळे रकाने त्यात असतात. नाटकाच्या पदांची पुस्तके थिएटरच्या दारात आण्या-दोन आण्यांना विकत. त्यांच्या प्रती आणि आवृत्त्या सालवार मांडल्या की कोणते नाटक लोकांनी उचलून धरले आणि कोणते नुसते समीक्षकांनी, हे कोणाचे मत न विचारता कळते. सरकारने ही यादी काही रंगभूमीच्या प्रेमापोटी केली नव्हती. काय छापले जाते यावर सरकारचा डोळा होता. १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा त्याच नजरेतला, आणि १९१० मध्ये खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी आली तीही त्याच नजरेने. पण पाळत ठेवणाऱ्याची नोंद व्यवस्थित असते, हा आमच्या खात्यातलाही अनुभव आहे.

आता अडचण सांगतो. ग्रंथालयात पुस्तके ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन लावलेली. नाटकाची संहिता ८९१.४६२ ला, म्हणजे मराठी साहित्याच्या मजल्यावर. रंगभूमीविषयीची पुस्तके ७९२ ला, कलांच्या दालनात. संगीत ७८० पासून पुढे. संगीत नाटकाचा अभ्यास करणाऱ्याने दिवसभर जिना चढ-उतार करावी, याबद्दल माझी तक्रार नाही, गुडघ्यांची असेल. तक्रार अशी की पदांच्या पातळ पुस्तिका, हँडबिले, नटांनी उतरवून घेतलेल्या नकला, मंडळ्यांच्या कीर्दवह्या (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या) यांतले काहीच कोणत्या मजल्यावर नाही. जुनी मासिके बांधून घेताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत होती. प्रयोग कुठे, किती वाजता आणि दर काय, हे नेमके त्या पानांवर असायचे. संगणकावर शोधावे तर जुने प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टांत, म्हणजे आजच्या संगणकाला न वाचता येणाऱ्या अक्षरांत टाइप केलेले. 'शोधगंगा' या विद्यापीठीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंध दिसतो, पण त्याच्या पोटातला शब्द शोधचौकटीत टाकला तर हाती भोपळा.

तिथल्याच एका सहायकांना माझी दया आली असावी. त्यांनी दान म्हणून आलेल्या एका जुन्या संग्रहाचा गठ्ठा काढून दिला. त्या संग्रहातल्या पुस्तकांना दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीतले क्रमांक, मिळाले होते, शिक्के बसले होते, ती कपाटात गेली होती. बाकीचे कागद सुतळीने बांधून वर चिठ्ठी लावलेली : 'किरकोळ'. त्या किरकोळात हँडबिले होती. चार वर्गांचे दर, कुलीन स्त्रियांकरिता वेगळी सोय, 'खेळ बरोबर वेळेवर सुरू होईल' हे तेव्हाही कोणी खरे मानत नसेल असे आश्वासन. एकाच्या पाठीवर पेन्सिलीने मोडीत त्या रात्रीचा खर्च टाकलेला. तेल, हमाली, भाडे, पानसुपारी. मी मोडी निवृत्तीनंतर शिकलो, तिचा इतका उपयोग कधी झाला नव्हता. पुढच्या बाजूला दर, मागच्या बाजूला खर्च. त्या थिएटरात माणसे किती बसत हे दुसरीकडून मिळाले की एका रात्रीचा ताळेबंद तयार.

हँडबिलावर साल सहसा नसते. 'शनिवार ता. अमुक' एवढेच. आजच्या रात्रीसाठी छापलेल्या कागदावर साल कशाला घालतील? पण वार आणि तारीख यांची जोडी थोड्याच सालांना लागू पडते, आणि सोबत तिथी दिली असेल तर जुन्या पंचांगातून बहुधा एकच साल उरते. तिथी आणि तारीख साधारण एकोणीस वर्षांनी पुन्हा एकत्र येतात, वार मात्र तेव्हा वेगळा असतो. मग त्या सालच्या 'केसरी'च्या किंवा 'ज्ञानप्रकाशा'च्या फायलीत त्या आठवड्याचा अंक काढायचा. नाटकवाल्यांचा मुक्काम तिथे सापडला की तारीख पक्की. हे काम चिकाटीचे आहे, विद्वत्तेचे नाही. म्हणूनच ते आमच्यासारख्यांना करू द्यावे.

भीती वेगळीच आहे. ग्रंथालयांत निर्लेखन नावाचा प्रकार असतो. फाटकी, कालबाह्य पुस्तके रीतसर ठराव करून रद्दीत काढतात. त्यात गैर काही नाही, जागा कुठवर पुरणार? पण दाखल क्रमांक असलेल्या पुस्तकाला निदान ठराव लागतो. 'किरकोळ'ला तेवढाही मान नाही. मूल्यांकन समिती यायची असली की आधी साफसफाई होते आणि सुतळीचे गठ्ठे पहिले हलतात. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला, आणि ते पुन्हा उभे करायची घोषणा लगेच झाली. हे योग्यच झाले. त्याच केशवरावांनी आणि बालगंधर्वांनी ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले. त्या रात्रीच्या गाण्याच्या आठवणी आपण शंभर वर्षे सांगतो आहोत. त्या रात्रीचे हँडबिल किंवा खर्चाचा कागद एखाद्या गठ्ठ्यात असेल आणि तो रद्दीत गेला, तर मात्र घोषणा करून तो परत येणार नाही.

लंडनमध्ये गॅब्रिएल एन्थोव्हेन नावाच्या बाईंनी आयुष्यभर नाटकांची हँडबिले जमवली. १९२४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तो संग्रह घेतला. नुसता देऊन त्या मोकळ्या झाल्या नाहीत. स्वतः तिथे बसून बिनपगारी त्यांनी त्याची सूची केली. आज त्या म्युझियमच्या नाट्यसंग्रहाचा पाया तोच आहे. बाई कोणत्या विभागाच्या, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा.

आपल्या विद्यापीठांकडे माझी मागणी लहान आहे. नाटकाच्या सुट्या कागदांना गठ्ठ्यागणिक का होईना, दाखल क्रमांक द्यावा. आत काय आहे याची चार ओळींची यादी गठ्ठ्यावर लावावी आणि ती ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत टाकावी. बाहेरच्या वाचकाला माफक शुल्क घेऊन आत सोडावे, मार्गदर्शकाचा रकाना त्याच्यापुरता माफ करावा. मोबाइलने, फ्लॅश न लावता, फोटो काढू द्यावेत. झेरॉक्सच्या काचेवर दाबले की हे कागद घडीवर तुटतात. महागडे स्कॅनर आणि मोठे प्रकल्प येतील तेव्हा येवोत.

याद्या कोण करणार, माणसे कुठे आहेत, असे उत्तर येईल हे मला ठाऊक आहे. आमच्या मिरज-सांगलीत मोडी वाचता येणारे, रकाने आखायची सवय असलेले आणि दुपारी रिकामे असलेले बरेच निवृत्त आहेत. आम्ही बसायला तयार आहोत. मानधन नको, चहाचा थर्मास घरून आणू आणि तो कागदांच्या खोलीबाहेर ठेवू. प्रवेशपत्रे तेवढी द्यावीत, सहा महिन्यांची दिली तरी चालतील.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, मिरज