ओवीला पाठवत नाही, तुम्हीच या

पुणे, रविवार, 9 नोव्हेंबर

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून बाबा आधी चष्मा शोधतील आणि आई म्हणेल, "हिचा फोन बिघडला काय?" फोन चांगला आहे. पण मी बोलायला लागले की दुसऱ्या मिनिटाला जुळ्यांपैकी मल्हार रडतो, त्याचं ऐकून केदार, आणि चौथ्या मिनिटाला आई "जा गं, पोरं बघ" म्हणून फोन ठेवून देते. गेल्या रविवारी आई जे बोलली त्याचं उत्तर चार मिनिटांत मावणारं नाही. दीपू शनिवारी तासगावला येतोय, त्याच्या हाती हे देते. बाबा, नेहमीसारखं मोठ्यानं वाचा, फक्त मधलं एक पान आधी मनात वाचून घ्या.

आई म्हणाली होती, "थोरलीला, ओवीला आमच्याकडं पाठव. इथल्या शाळेत घालू. वर्ष-दीड वर्ष राहील, तोवर पोरं चालायला लागतील." फोन स्पीकरवर होता. सासूबाई म्हणाल्या, विचार वाईट नाही. नचिकेत काहीच बोलला नाही, आणि तो गप्प बसला की त्याला पटलेलं असतं हे मला आता माहीत झालंय. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मलाही पटलं होतं. ओवीचे कपडे कोणत्या बॅगेत मावतील इथपर्यंत मी गेले होते.

आई, तू अनंत चतुर्दशीनंतर गेलीस, तेव्हाचं घर आणि आताचं घर यात फरक एवढाच, की तेव्हा दमल्यावर बसायला तुझी मांडी होती. दोन खोल्या आणि हॉल, माणसं आठ. भावजी हॉलमध्ये एमपीएससीचा अभ्यास करतात, म्हणजे पुस्तक एका हातात आणि बाटली दुसऱ्या. रात्री दोनचं दूध त्यांच्याकडं असतं, कारण तसेही ते जागेच असतात. परवा केदारला मांडीवर घेऊन राज्यघटनेची कलमं मोठ्यानं म्हणत होते. तो झोपला. मला वाटतं ती सोय त्यांनाही लागू झाली, कारण साडेतीनला मी उठले तर दोघंही सोफ्यावर घोरत होते.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. तू गेल्यावर आठवड्याभरात मी एकाला ड जीवनसत्त्वाचे थेंब दोनदा दिले आणि दुसऱ्याला दिलेच नाहीत. डॉक्टरांना फोन केला तेव्हा हात थरथरत होते. एकदा झालं तर घाबरायचं कारण नाही म्हणाले, पण लिहून ठेवत चला. म्हणून भावजींनी शंभर पानी वही आखली. एका बाजूला मल्हार, एका बाजूला केदार, खाली दूध, शू, शी, औषध. आणि चुकायला नको म्हणून केदारच्या पायाच्या अंगठ्याला मी लाल नेलपॉलिश लावली. सारखी तोंडं असलेल्या पोरांना ही खूण बरी वाटली.

दोन दिवसांनी बघते तर चार अंगठे लाल. शिवाय ओवीची दहाच्या दहा बोटं, आणि चादरीवर एक डाग, तो अजून गेलेला नाही. मी ओरडले, सासूबाई ओरडल्या, मामंजी पेपर खाली ठेवून ओरडले. ती आधी रडली आणि मग म्हणाली, "तुम्ही एकट्या केदारलाच लावलं. मल्हारला पण हवं होतं ना." आता कोण कुठला हे कळायला मार्ग नाही म्हणून मी डोक्याला हात लावून बसले, तर ही नाक पुसत जवळ आली, एकाचा कान दुमडला आणि म्हणाली, "हा केदार. याला इथं तीळ आहे." तीळ कसला, मोहरीच्या टोकाएवढा ठिपका. घरातल्या पाच मोठ्या माणसांपैकी एकालाही तो तीन महिन्यांत दिसला नव्हता.

पालथं पडण्याचंही तसंच. तू विचारत होतीस ना, पाच महिने होत आले तरी अजून कसे पालथे पडत नाहीत म्हणून. अगं, ती पाच आठवडे आधी आलीत. डॉक्टर वाढ मोजताना ते पाच आठवडे वजा करतात, म्हणजे त्यांच्या हिशेबानं ती अजून चार महिन्यांचीही नाहीत. लस मात्र जन्मतारखेवरूनच द्यायची, तिथं सूट नाही. आणि पडला, मंगळवारी मल्हार पडला पालथा. बघितलं फक्त ओवीनं. कुणीच विश्वास ठेवला नाही. "केदार असेल, तो जास्त हालचाल करतो," असं सासूबाई म्हणाल्या. गुरुवारी सगळ्यांसमोर तो परत पडला. मल्हारच. कान दुमडून बघितला मी.

बाबा, पारावरच्या तुमच्या मित्रांना सांगा, काळजी नको. "तीन पोरं झाली, लेक-जावई आता पंचायतीला उभं राहायला बाद" म्हणून कुणी तुम्हाला चिडवलं म्हणे. कायदा आम्ही घरात वाचला, अभ्यास करणारा माणूस बसलाय ना हॉलमध्ये. पहिलं एक मूल असेल आणि पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही झाली, तरी ती सगळी मिळून एकच धरतात. आम्हा दोघांना सरपंच व्हायचं नाहीये, पण मला तो नियम आवडला. कायद्याला एक, दुधाला दोन. रजेला परत एकच. 2017 पासून 26 आठवडे मिळतात, ते एक झालं तरी तेवढेच आणि जुळी झाली तरी तेवढेच. माझे संपतात 23 तारखेला. 24 ला ऑफिस. पन्नास किंवा जास्त माणसं असली की पाळणाघर हवं असंही त्याच रजेच्या कायद्यात आहे. आमच्याकडं पाळणाघराची खोली आहे, तिच्यात जुन्या प्रिंटरचे खोके आहेत. तेव्हा सासूबाई आणि नऊ ते सहा एक बाई, असं ठरलंय. जमेल असं वाटतंय. नाही जमलं तर बघू.

आता ते मधलं पान.

भावजींच्या वहीत एका पानाच्या मागे मला रेघा दिसल्या. दूध मोजतात तशा, चार उभ्या आणि एक आडवी. वर लिहिलं होतं, "मोठी ना तू?" एका दिवसात घरातल्यांनी ओवीला हे किती वेळा म्हटलं ते त्यांनी मोजलं होतं. तेवीस. त्यातल्या नऊ रेघांपुढं माझं नाव. मोठी ना तू, हळू बोल. मोठी ना तू, स्वतःच्या हातानं जेव. मोठी ना तू, डायपर आण. पाच वर्षांची आहे ती. मी भावजींवर चिडले, पाळत कसली ठेवता म्हणून. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच कणीक मळली, कणीक आधीच मळलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून नियम केलाय. जो म्हणेल त्यानं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात दहा रुपये टाकायचे. मामंजी सगळ्यात जास्त फसतात. डब्यात चारशेच्या वर जमलेत आणि ओवी आता मुद्दाम आजोबांसमोर दूध सांडते.

पण हे पत्र त्यासाठी नाही. बुधवारी दुपारी मी दोघांना पाजायला घेऊन आत बसले होते. दार लोटलेलं होतं. बाहेरून आवाज आला, "आई, मी आत येऊ?" तिनं आजवर कधी असं विचारलेलं नाही. पाय आपटत यायची, कॉटवर उडी मारायची. कुणीतरी सांगितलं असेल, बाळं झोपलीत, विचारून जा. मीच सांगितलं असेल. ती दाराच्या फटीत एक डोळा लावून उभी होती, उत्तराची वाट बघत.

आणि मला आपलं तासगावचं स्वयंपाकघर आठवलं.

दीपू झाला तेव्हा, 1993 मध्ये, मीही पाच वर्षांची होते. बाबा मला जतला आजीकडं सोडायला आले होते. तासगावच्या स्टँडवर त्यांनी लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्या, खिडकीची जागा धरली, आणि उतरताना म्हणाले, आठ दिवसांनी न्यायला येतो. चौदा महिने लागले. आजीकडं मला काही कमी नव्हतं, ते मी शपथेवर सांगेन. ज्वारीची गरम भाकरी, शेळीची पिल्लं, रात्री तिच्या गोधडीत झोप. मला वाईट आठवतं ते परत आल्यानंतरचं. दीपू मला बघून तुझ्या पदरामागं लपला आणि रडला. आणि मी कितीतरी दिवस माठातलं पाणी घ्यायच्या आधी तुला विचारत होते, "आई, पाणी घेऊ?" तू एकदा हसून म्हणालीस, "अगं, घर तुझंच आहे, विचारतीस काय?" तुला आठवतही नसेल.

आई, रडू नकोस. बाबा, तुम्हीही घसा खाकरून पान उलटू नका. बाग तेव्हा नवी होती, विहिरीचं कर्ज होतं, आत्याचं लग्न व्हायचं होतं, आणि आई दीपूला पाठीशी बांधून डबा घेऊन मळ्यात जायची, हे सगळं मला माहीत आहे. जुळ्यांनंतर तर जास्तच कळतं. तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. बरोबर केलंत असंही तोंडातून निघत नाही. दोन्ही एकदम खरं असू शकतं का, हे रात्री दोनच्या दुधाला भावजींना विचारलं, तर ते म्हणाले, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

म्हणून ओवीला पाठवत नाही.

ती उपयोगाची आहे म्हणून ठेवतेय असं समजू नका. त्याचीच तर भीती आहे मला. ती डायपर आणते, कोण कुठला ते सांगते, पाळण्याची दोरी ओढते, आणि आम्ही सगळे शाबासकी देत तिला घरातली सगळ्यात लहान कामवाली करून टाकतोय. हे थांबवायला हवं आणि कसं ते नीट कळलेलं नाही. एकच गोष्ट सध्या पाळते. रात्री दहानंतर बाळं नचिकेतकडं आणि मी अर्धा तास ओवीची. त्याला ती "माझा कांगारू" म्हणते.

ते नाव दवाखान्यातलं. पोरं अकरा दिवस काचेच्या पेटीत होती, तेव्हा नर्सबाईंनी नचिकेतला शर्टाची बटणं काढून खुर्चीत बसवलं होतं आणि एकोणीसशे ग्रॅमचा केदार त्याच्या छातीवर ठेवला होता. सासूबाई काचेपलीकडून तोंडाला पदर लावून बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, ही कांगारू पद्धत कोलंबियात, बोगोटाच्या एका दवाखान्यात 1978 मध्ये सुरू झाली, पेट्या कमी आणि बाळं जास्त म्हणून. आणि बाबा बाहेरच्या बाकावर बसून म्हणाले होते, "त्यात नवं काय? धनगर थंडीत कोकराला घोंगड्यात असंच छातीशी धरतो." मी ते ओवीला सांगितलं होतं. त्या अकरा दिवसांत तिला आत सोडत नव्हते, म्हणून तिला जे काही माहीत आहे ते ऐकून. आता ती रोज माझ्या छातीवर कान ठेवून पडते, तिचं वजन साडेसोळा किलो, आणि टाक्यांवर गुडघा आला की मी ओरडते. तरी ती उठत नाही.

धुरी आणि गुटीवरून मी तुला जे बोलले, त्याबद्दल माफी माग असं नचिकेत म्हणतो. बोलण्याबद्दल मागते. धुरी मात्र अजूनही देत नाही, आणि सहा महिने दुधाशिवाय काही नाही. हळिवाचे लाडू संपले. हे सांगायला हवं होतं.

आता माझी मागणी. द्राक्षांची फळछाटणी झाली, डावणी रोगाच्या फवारण्या चालू असतील, बाबांना आत्ता बाग सोडता येणार नाही हे कळतं. पण माल उतरला की मार्चमध्ये दोघंही या. बेदाण्याचं काम दीपूवर टाका, त्याला सवय होऊ दे. एप्रिलच्या खरड छाटणीआधी बाबांना परत पाठवते, आईला नाही. तेव्हा पोरं रांगायच्या बेतात असतील आणि मला खरी गरज तेव्हा लागेल. जागेचं मामंजींनी आधीच ठरवलंय, ते हॉलमध्ये झोपणार आहेत, भावजींचा अभ्यास ऐकत.

येताना पाळणा आणू नका, ठेवायला जागा नाही. तुझी जुनी सुती नऊवारी आण, झोळीला. इथं एक बांधली होती, पण तिच्यात ओवी चढून बसली आणि मी तिला खाली उतरवलं, मोठी ना तू, म्हणून. दहा रुपये टाकले त्या दिवशी. म्हणून दोन आणू नकोस, तीन आण. हुक नचिकेत मारून ठेवतोय, साडेसोळा किलोचा हिशेब धरून.

तुमची,
शुभा

ता. क. खालचे लाल ठसे ओवीचे आहेत. मी नको म्हटलं होतं.