भिंतीवरचे बटण काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांपासून आपल्या शहरातील नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींमध्ये 'स्मार्ट होम' हे शब्द ठळकपणे दिसू लागले आहेत. होटगी रस्ता, विजापूर रस्ता आणि जुळे सोलापूर या भागांतल्या नमुना सदनिकांमध्ये तोंडाने सांगितले की दिवा लागतो, पडदा सरकतो, वातानुकूलन यंत्र सुरू होते, आणि पाहायला गेलेली मंडळी ते पाहून भारावून जातात. मी ३४ वर्षे सूतगिरणीच्या विद्युत विभागात नोकरी करून निवृत्त झालो असून गेले दीड वर्ष अशा उपकरणांसह राहत आहे. त्यांचा खरोखर उपयोग आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर 'आहे' असेच आहे. मात्र तो कोणाला आहे आणि कोणत्या अटीवर आहे, हे जाहिरातींत कुठेच येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, आमच्याकडेच राहते. तिचे वय ७९ आहे आणि काचबिंदूने तिची दृष्टी सहा वर्षांपूर्वी पूर्ण गेली. घर ती हाताने ओळखते. पलंगापासून चार पावले, मग भिंत, भिंतीच्या कडेने दाराची चौकट, चौकटीला लागून खांद्याच्या उंचीवर बोर्ड, बोर्डावर पहिले बटण ट्यूबचे, दुसरे पंख्याचे, तिसरे झिरोच्या दिव्याचे, हा तिचा पाठ झालेला रस्ता आहे. माझ्या जावयांनी मोठ्या प्रेमाने बोलका स्पीकर, पाच दिवे आणि पंख्याच्या बटणामागे बसवायचा छोटा रिले (हुकूम मिळाला की वीज जोडणारा-तोडणारा स्विच) असा संच आणून दिला. बसवून देणाऱ्या मुलाने जाताना सांगितले की भिंतीवरची बटणे यापुढे बंद करायची नाहीत, कारण वीजपुरवठा तोडला की दिव्याला काही ऐकू जात नाही. आणि चुकून कोणी बंद करू नये म्हणून त्याने प्रत्येक बटणावर पारदर्शक चिकटपट्टी लावली. त्या वेळी मलाही ते योग्यच वाटले, हे मी कबूल करतो.

मे महिन्यातल्या एका रात्री अकराच्या सुमारास वीज गेली. उन्हाळ्यात आम्ही उभयता गच्चीवर झोपतो. अक्काला जिना चढवत नाही, म्हणून ती खाली तिच्या खोलीत. दोनच्या सुमारास वीज आली तेव्हा घरातले पाचही दिवे पूर्ण उजेडाने आपोआप लागले, कारण पुरवठा परत आला की पेटायचे, अशी त्यांची मूळ मांडणी (सेटिंग) होती. पंख्याचा रिले मात्र बंद अवस्थेतच राहिला आणि इंटरनेट सकाळपर्यंत आलेच नाही. अक्काने स्पीकरला हाक मारली, तर त्याने इंटरनेट नसल्याचे इंग्रजीतून सांगितले, जे तिला समजण्याचे कारण नव्हते. मग ती आपल्या नेहमीच्या रस्त्याने बोर्डापर्यंत गेली. पहाटे पाचला मी खाली आलो तेव्हा लख्ख उजेडात ती पलंगाच्या कडेवर बसून पदराने वारा घेत होती. "पट्टी लागली हाताला," ती म्हणाली. "काढावं का नको, कळंना." दिवसभर तापलेल्या भिंतींच्या त्या खोलीत ती तीन तास तशीच बसून होती.

त्या दिवशी मी सर्व पट्ट्या काढल्या. जुना रिले काढून भिंतीवरच्या बटणानेही चालतो आणि आवाजानेही चालतो असा बसवला, आणि वीज परत आल्यावर पूर्वीच्या स्थितीत राहावे, अशी दिव्यांची मांडणी बदलली. ही सोय अनेक दिव्यांमध्ये मुळातच असते, पण ती मोबाइलमधल्या अ‍ॅपच्या चौथ्या-पाचव्या पडद्यामागे असते आणि कोणी सांगितल्याशिवाय सापडत नाही. ज्यांच्या घरी असे दिवे आहेत त्यांनी ती आजच शोधून बदलून घ्यावी.

असे असूनही मी ही उपकरणे परत केली नाहीत, याचे कारणही अक्काच आहे. स्पीकर आम्ही बाजूला ठेवला आणि तिच्या उशाशी एक जुना मोबाइल ठेवला, जो मराठीतून विचारलेले समजतो. "किती वाजले?" हा प्रश्न ती दिवसरात्र मिळून दहा-बारा वेळा विचारते. दृष्टी गेल्यापासून मध्यरात्री जाग आली तर पहाट झाली की अजून रात्र आहे हे कळायला तिला कोणाला तरी उठवावे लागे, आणि आपल्यामुळे दुसऱ्याची झोपमोड होते या संकोचाने ती बहुतेक वेळा विचारतच नसे, नुसती पडून राहायची. आता ती फोनला विचारते. बार्शीला असलेल्या लेकीला स्वतः फोन लावते, कोणाच्या मिनतवाऱ्या न करता. माझ्या मते या यंत्राचा सगळ्यांत मोठा उपयोग हाच आहे, आणि ज्यांना दिसत नाही, ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना अर्धांगवायूने अंथरुणाला खिळवले आहे, त्यांच्यासाठी घराने बोलणे ही चैन नव्हे. धडधाकट माणसाने सोफ्यावर बसून दिवा लावणे आणि अक्काने वेळ विचारणे या दोन गोष्टी एकाच जाहिरातीत एकाच मापाने मोजल्या जाऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

येथे भाषेचा मुद्दा येतो. गूगलच्या असिस्टंट या बोलक्या सहायकाला फोनवर मराठी २०१८ मध्ये येऊ लागले. अ‍ॅमेझॉनची तशीच सहायक अ‍ॅलेक्सा भारतात २०१७ मध्ये इंग्रजी घेऊन आली आणि हिंदी तिला २०१९ मध्ये शिकवली गेली. गूगलने २०२४ मध्ये जेमिनी या नव्या सहायकाचे मोबाइल अ‍ॅप भारतात आणले तेव्हा त्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू धरून नऊ भारतीय भाषा होत्या. सोलापूरच्या दृष्टीने ही यादी फार महत्त्वाची आहे. आपल्या पूर्व भागात घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि अक्कलकोटकडच्या पाहुण्यांशी कन्नड बोलणारी आजी एकाच वाक्यात तिन्ही भाषा आणते. आमची अक्का मंगळवेढा तालुक्यातली, ती "लाव की", "सांग की" असेच बोलणार. ७९ वर्षांच्या बाईने यंत्रासाठी आपली बोली बदलावी ही अपेक्षा चुकीची आहे. खरेदी करण्यापूर्वी दुकानदाराने इंग्रजीत हुकूम देऊन दाखवलेले प्रात्यक्षिक ग्राह्य धरू नये. ज्या माणसासाठी घ्यायचे त्याला दुकानात नेऊन त्याच्याच तोंडच्या शब्दांत बोलू द्यावे, आणि उत्तरही कोणत्या भाषेत येते ते ऐकावे.

आपोआप चालणारी यंत्रणा ही या शहराला नवी गोष्ट नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून सोलापूरने यंत्राशी संसार केला आहे. यंत्रमागावर बाण्याचा आडवा धागा तुटला किंवा संपला की माग जागच्या जागी थांबतो. त्यासाठी विणकराला नजर रोखून बसावे लागत नाही, आणि म्हणूनच एक माणूस एकापेक्षा जास्त माग सांभाळू शकतो. पण माग चालू-बंद करायचे हँडल कायम विणकराच्या हाताशी असते. यंत्र स्वतःहून थांबते म्हणून ते हँडल काढून टाकावे, असे कोणत्याही कारखानदाराच्या मनात आले नाही. माझ्या नोकरीच्या काळात नव्या यंत्रावर पॅनेल कितीही आधुनिक आले तरी हाताने तोडता येईल असा मुख्य स्विच कुठे आहे, हे आम्ही आधी पाहत असू. घरात चिकटपट्टी लावताना मी नेमके हेच विसरलो.

सोलापूरच्या घरात सर्वाधिक उपयोगी पडणारी स्वयंचलित गोष्ट कोणती, असे मला कोणी विचारले तर मी पाण्याच्या टाकीचा नियंत्रक सांगेन. उजनी धरणात पाणी असो वा नसो, आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि त्याची वेळ कधी रात्रीची, कधी पहाटेची असते. हौदात पाणी पुरेसे झाले की मोटार सुरू करणे, वरची टाकी भरली की बंद करणे आणि हौद रिकामा झाला तर मोटार कोरडी फिरून जळू नये म्हणून तिला थांबवणे, ही तिन्ही कामे साध्या तारांवर किंवा तरंगत्या स्विचवर चालणारा नियंत्रक वर्षानुवर्षे करतो. माझा मला अडीच हजारांत पडला आणि तो बसवल्यापासून आमच्या गच्चीवरून एकदाही पाणी वाहिलेले नाही. आमच्या गल्लीतल्या एका यंत्रमाग कामगाराने याहून साधी युक्ती केली आहे. त्याने हौदात नळाच्या तोटीखाली एक छोटा डबा टांगला आहे, डब्यात दोन तारा आहेत, पाण्याची धार आली की तारा ओल्या होऊन घरातली बॅटरीवरची घंटी वाजते. पहाटे तीनला ती वाजली की शेजारच्या चार घरांतही दिवे लागतात. त्या घंटीला इंटरनेट लागत नाही, खाते उघडावे लागत नाही, आणि वीज गेली तरी ती वाजते.

वीजबचतीच्या दाव्यांबद्दल थोडा हिशेब मांडतो, कारण तो माझ्या कामाचा भाग होता. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज चार तास विनाकारण जळत राहिला तरी महिन्याला साधारण एक युनिट जाते. तेवढे वाचवण्यासाठी लावलेला स्मार्ट दिवा हुकुमाची वाट पाहत चोवीस तास अर्धा वॅट जरी खात राहिला, तरी महिन्याला एक तृतीयांश युनिटाहून अधिक त्यातच जाते. याउलट ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटारीचा) पंखा लावला आणि तो उन्हाळ्यात रोज १५ तास चालला, तर महिन्याला सुमारे २० युनिटे वाचतात, आणि तो साध्या रिमोटवर चालतो. पाणी तापवण्याचा २००० वॅटचा गीझर अर्धा तास विसरून राहिला की एक युनिट गेले. तेथे टायमर खरोखरच कामाचा आहे. मात्र असा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर प्रवाह घेतो, त्यामुळे त्याला ६ अँपिअरचा स्मार्ट प्लग (मोबाइलवरून चालू-बंद होणारा प्लग) जोडणे धोक्याचे आहे. १६ अँपिअरचाच घ्यावा. प्लग वितळून काळे झालेले सॉकेट मी दोन घरांत स्वतः बदलून दिले आहेत.

ही उपकरणे कंपनीच्या दूरच्या संगणकांवर, म्हणजे सर्व्हरवर, अवलंबून असणे ही त्यांची मोठी दुबळी बाजू आहे. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेत बिघाड झाला आणि जगभर अनेकांची अ‍ॅलेक्सा मुकी झाली. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि लोकांनी पैसे मोजून भिंतीत बसवलेली यंत्रणा एका रात्रीत अर्धवट निकामी झाली. घराचे वायरिंग आपण पंचवीस-तीस वर्षांसाठी करतो. ते चालवणारी कंपनी तितकी वर्षे सेवा देईल याची हमी कोणत्याही पत्रकावर मी वाचलेली नाही. आवाजाच्या गोपनीयतेबद्दल एवढेच सांगतो की हाक मारल्यानंतरचे बोलणे सामान्यतः कंपनीच्या सर्व्हरवर जाते, आणि मुलांच्या आवाजाच्या नोंदी जपून ठेवल्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनला २.५ कोटी डॉलर दंड भरणे मान्य करावे लागले होते. स्पीकरवर माइक बंद करण्याचे बटण असते. घरात पैशाअडक्याचे किंवा दुखण्याखुपण्याचे बोलणे चालू असताना ते दाबून ठेवावे.

आपल्या दैनिकामार्फत शहरातील बांधकाम व्यावसायिकांना आणि विद्युत ठेकेदारांना माझी विनंती आहे की त्यांनी 'स्मार्ट' सदनिका जरूर बांधाव्यात, पण प्रत्येक दिव्याला आणि पंख्याला हाताने चालणारे, दाबले की बोटाला कळणारे साधे बटण ठेवावे. काचेची सपाट टच पॅनेले दिसायला सुंदर असली तरी न दिसणाऱ्या माणसाच्या बोटाला त्यावर काहीच लागत नाही, आणि नुसता हात फिरवला तरी तीन दिवे लागतात. सर्व खोल्यांत बटणांचा क्रम सारखा ठेवणे हा तर एका पैशाचाही खर्च नसलेला उपाय आहे. सदनिका घेणाऱ्यांनीही नमुना घर पाहायला जाताना विक्री प्रतिनिधीला राउटर बंद करायला सांगावे, मुख्य स्विच पाच मिनिटे पाडून पुन्हा चालू करायला सांगावे, आणि त्यानंतर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला पंखा लावून पाहू द्यावा.

आपला नम्र,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक,
जुळे सोलापूर