कलावंतिणीच्या नाचाबद्दल, कारकुनाकडून

पुणे,
शनिवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आपण मंडळी एकेक पात्र घेऊन पाळीपाळीने लिहीत जो खेळ चालवतो, त्यात गुरुवारी रात्री तू लिहिलेला कलावंतिणीच्या नाचाचा प्रसंग मी लागोपाठ दोनदा वाचला आणि माझे पात्र जो कारकून, त्याच्या वतीने 'तो थक्क होऊन पाहत राहतो' एवढेच वाक्य टाकून झोपी गेलो. पंचवीस ओळींची एका ओळीवर बोळवण का केली, असे तू काल फोनवर विचारलेस. तेव्हा मी कामाची सबब सांगितली, पण ती खरी नव्हती.

आधी किरकोळ चुका सांगतो. आपला खेळ सवाई माधवरावांच्या काळातला, म्हणजे १७९५ च्या आतला आहे आणि तू वाड्यात खुशाल पेटी वाजवली आहेस. पेटी आपल्याकडे आली ती एकोणिसाव्या शतकात. तिच्या जागी सारंगी घाल. दुसरे म्हणजे, गिरकी घेताना नऊवारीचा घेर फुलला, असे तू लिहिले आहेस. अरे, नऊवारीला कासोटा असतो, तिला फुलायला घेर कुठला? घेर फुलतो तो कथ्थकच्या अंगरख्याचा. नऊवारीत गिरकी घेतली तर हलेल तो पदर, आणि तोही कमरेला खोचलेला नसेल तरच. बैठकीत बाई नाचवलीस हे मात्र योग्य झाले. तमाशात त्या काळी बाईच्या वेषातला नाच्या पोऱ्याच असे, पण वाड्यावरच्या बैठकींत कलावंतिणी नाचत. (तू मिशा राखून तिचे पात्र चालवतोस, ही नाच्याचीच परंपरा आहे, असे मी आपल्या मंडळींना सांगत असतो.)

आता खरी तक्रार. तुझी कलावंतीण उठते, ठेका धरते, मुरका मारते, तीन गिरक्या घेते, सम (तालाची पहिली मात्रा) गाठते आणि शेवटी 'कारकुनाचे भान हरपते व त्याच्या हातातला लखोटा गळून पडतो'. तो कारकून माझा आहे, मित्रा! तो लखोटा सांभाळत मी तीन आठवडे त्याला नगराहून पुण्यापर्यंत आणला. त्याचे भान हरपायचे की नाही, हे मला ठरवू द्यायला हवे होतेस. कादंबरीकाराला असे लिहिण्याची मुभा असते, कारण तिथे सगळी माणसे त्याचीच असतात. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हा संगणकावर अनेकांनी मिळून खेळायचा खेळ रचला, तेव्हापासून या नुसत्या अक्षरांच्या खेळांत प्रत्येकाच्या हाती फक्त आपलेच पात्र असते आणि तुझे वाचणारा माणूस पुढच्या क्षणी लिहिणारा असतो. तू सम स्वतःच गाठलीस, वर दादही स्वतःच देऊन टाकलीस. मग मी लिहायचे तरी काय?

मीही याच चुकीतून गेलो आहे. दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या खेळात मी कथ्थकचा प्रसंग लिहिला होता. त्यात त्रितालाच्या सोळा मात्रा, नवव्या मात्रेवरची खाली, तत्कार (पायांचे बोल), तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणे), काही म्हणून सोडले नव्हते. समोरच्या बाईंनी 'ती टाळ्या वाजवते' असे लिहून विषय संपवला. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता, पण पुढे पुणे जिल्ह्यातल्या चौफुल्याला संगीतबारी, म्हणजे लावणीची बैठक, पाहिली आणि त्यांचे काही चुकले नव्हते, हे ध्यानात आले.

तिथली एक गोष्ट अजून डोळ्यांपुढे आहे. गाणारी बाई मांडी घालून बसली होती, पायांतले चाळ गप्प होते. लावणीची एकच ओळ ती फिरफिरून घेत होती. पहिल्यांदा नुसती भुवई उचलली गेली. दुसऱ्यांदा हात कपाळापर्यंत जाऊन वाटेतच थांबला. तिसऱ्यांदा तिने समोर पाहिलेच नाही, सतरंजीवर बोटाने रेघ ओढत राहिली. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याला राहवले नाही. त्याने दौलतजादा केला, म्हणजे खूश होऊन पैसे दिले, फर्माईश सांगितली आणि गाणे तिथून वळले. म्हणजे बैठकीची लावणी ही मुळातच पाळीपाळीने चालणारी गोष्ट आहे: ओळ तिची, मधली जागा ऐकणाऱ्याची. लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकरांची बसून केलेली अदाकारी ध्वनिचित्रफितीवर मिळाली तर अवश्य पाहा. नाच लिहायला पाय लागतातच असे नाही, हे लगेच पटेल.

भाषेचेही थोडे बोलतो. आपण वर्तमानकाळात लिहितो, त्यामुळे 'वळते, हसते, थांबते, पाहते' अशी ते-ते-ची रांग लागते आणि नाचाऐवजी कवायत वाटू लागते. त्यावर 'वळता वळता', 'हसू दाबून', 'थांबल्यासारखे करून' हा उपाय आपल्या भाषेत आयताच आहे. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येते, हे नाच लिहिणाऱ्याचे भाग्यच समज. वाक्य लांबवत न्यावे, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवावे आणि क्रियापदावर आणून टेकवावे, म्हणजे थाप कानांनी ऐकू येते. 'छुमछुम' मात्र कृपा करून काढून टाक.

तुझाच प्रसंग मी असा लिहून पाहिला आहे: 'ओळ तिसऱ्यांदा येते. या खेपेला ती उठत नाही. बसल्या जागी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहते, आणि गुंडाळता गुंडाळता बोट मध्येच थबकते. सारंगी ओळ पुरी करून मोकळी होते. ती मान वर करते, पण कारकुनाच्या तोंडाकडे नाही, त्याच्या हातातल्या लखोट्याकडे पाहते.' पुढे काही लिहू नकोस. तिहाईचे दोन तुकडे तू घे, तिसरा माझ्यासाठी ठेव. कारकून लखोटा अंगरख्यात लपवेल, पुढे करेल की उठून चालू लागेल, हे मलाही अजून ठाऊक नाही.

माझा मसुदा जसाच्या तसा उचलू नकोस, तुझ्या बाईचा स्वभाव माझ्यापेक्षा तुला ठाऊक आहे. ती कदाचित पदराला हातही लावणार नाही. गुरुवारचा मजकूर मंडळींना सांगून मागे घे आणि उद्या रात्रीपर्यंत नवा टाक. लखोटा मी जमिनीवरून उचलून पुन्हा कारकुनाच्या हातात दिला आहे.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
कारकून