जुन्या गाडीला थेट स्टार्टर मारू नका

महोदय,

वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी अकरा वर्षे मिरजेच्या घरी ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या वर्षी दिवाळीत भावाने नवी बॅटरी लावून थेट स्टार्टर मारला. टाकीतला गंज ओढला जाऊन कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) चोंदला. उघडला तर तळाशी काकवीसारखा चिकट, तपकिरी थर. जेटचे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचे, भोक पार बुजलेले. तो थर म्हणजे आटलेले जुने पेट्रोल.

माझे कळकळीचे सांगणे आहे : आधी टाकी उतरवून धुवा. आम्ही मूठभर बारीक खडी आणि पाणी घालून ती हलवली, तर विटेच्या रंगाचे पाणी निघाले. मग ती उन्हात पूर्ण वाळवली. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) कडक झाला होता, तोही बदलला.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा धरते, जुन्या प्रकारचे रबर फुगवते. आम्ही बसवलेला पेट्रोलचा साधा रबरी पाइप सहा महिन्यांत भेगाळला आणि पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकू लागले! आई मागच्या सीटवर होती. इथेनॉलला टिकणाऱ्या पाइपवर तसे मराठीत ठळक छापणे दुकानदारांना सक्तीचे करावे, ही विनंती.

– एक पद्मिनीमालक, मिरज