सरावाला निघालेल्या मुलास

सारंगखेडा, ता. शहादा

चि. योगेश यास
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, “नाना, आपत्ती-बचावाच्या सरावाला शेजारच्या देशांची पथकं येणार आहेत, पण ते सगळं फोटोपुरतं. पूर आला की पाण्यात आपल्यालाच उतरायचंय.” तू ड्यूटीवर निघाला होतास म्हणून मी विषय वाढवला नाही. पण ते वाक्य मनातून जाईना.

धुळ्याच्या एसडीआरएफमध्ये, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलात, तू जे करतोस त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच हे आत्ताच, तू निघण्याआधी सांगतो. माझी सारी नोकरी पोलीस खात्याच्या बिनतारी विभागात झाली. पावसाळा लागला की आमचं सगळं लक्ष तापीकडे. वर बऱ्हाणपूरकडून तापी येते, विदर्भातून पूर्णा येते आणि दोन्हींचं पाणी हतनूर धरणात जमतं. तिथल्या ४१ दरवाज्यांपैकी किती उघडले, किती क्युसेक सोडलं, हे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजना वेळेत कळायला हवं आणि पुढे गुजरातेत उकाई धरणालाही. बऱ्हाणपूरच्या ऑपरेटरचा आवाज मी नुसत्या ‘हॅलो’वर ओळखायचो, तो माझा ओळखायचा. त्यामुळे एखादा आकडा विचित्र वाटला तर मध्यरात्रीसुद्धा तो न संकोचता म्हणायचा, “भैया, फिर से बोलिए.” अनोळखी माणूस असं विचारत नाही. ऐकलं ते लिहून घेतो आणि मोकळा होतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून पाणी सुटलं आणि सुरत बुडालं. तिथे लिंबायत-उधन्याला आपल्या खान्देशातली किती घरं आहेत हे तुला सांगायला नको. त्या दिवसांत प्रत्येक संदेशाची किंमत काय असते हे आम्ही सगळ्यांनी अनुभवलं.

आता हेच देशादेशांत बघ. ७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात भूकंप झाला, पंचवीस हजारांच्या आसपास माणसं गेली. जगभरातून पथकं धावली. मन होतं, हत्यारं होती, पण कोणी कुठे खणायचं हे ठरवणारं कोणी नव्हतं आणि एकाची रीत दुसऱ्याला ठाऊक नव्हती. त्याआधी १९८५ मध्ये मेक्सिकोतही असाच घोळ झाला होता. त्यातून शहाणी होऊन १९९१ मध्ये या पथकांनी संयुक्त राष्ट्रांच्या आधाराने ‘इन्साराग’ नावाची व्यवस्था उभी केली. तुम्हाला शिकवतात ते शिट्ट्यांचे इशारे तिथलेच. तीन छोट्या शिट्ट्या पुन्हा पुन्हा वाजल्या तर सगळ्यांनी बाहेर पडायचं. एक लांब शिट्टी म्हणजे काम थांबवा, गप्प राहा. एक लांब आणि एक छोटी म्हणजे पुन्हा सुरू करा. ढिगाऱ्यावर तुर्की, जपानी आणि आपला जवान शेजारी शेजारी उभे असतील, कोणाला कोणाची बोली येत नसेल, तरी एका लांब शिट्टीसरशी यंत्रं थांबतात, फावडी थांबतात, आणि खाली कोणी जिवंत असेल तर त्याचा आवाज तेव्हाच ऐकू येतो. पडक्या भिंतीवर रंगाने जो चौकोन काढतात त्याचंही तसंच. आत कोणतं पथक गेलं, कधी बाहेर आलं, किती जण सापडले, हे मागून येणाऱ्याने वाचलं की तपासून झालेल्या घरात त्याचे तास वाया जात नाहीत. हे कागदावर वाचून अंगी मुरत नाही रे. वेगवेगळ्या देशांच्या माणसांनी एकत्र घाम गाळला तरच मुरतं, आणि सराव त्यासाठीच असतो.

भूजच्या वेळी, २००१ साली, आपल्याकडे एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नव्हतंच. ब्रिटन, स्वित्झर्लंड, रशिया इथून पथकं आली. २००६ मध्ये आपलं दल उभं राहिलं आणि २०११ मध्ये त्सुनामीनंतर आपले जवान जपानमध्ये ओनागावात काम करत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हाही आपली पथकं गेली, गाझियान्तेप भागात सहा वर्षांची एक मुलगी त्यांनी जिवंत बाहेर काढली. मोठं पथक निघतं तेव्हा दहा दिवसांचं खाणं-पिणं, तंबू, इंधन सगळं स्वतःचं घेऊन निघतं. दुःखात असलेल्या घरावर पाहुण्याने भार टाकू नये, ही आपलीच शिकवण त्यांनी नियमात बसवली आहे. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २०१८ मध्ये बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, तेव्हा त्यांना शोधलं ब्रिटिश पाणबुड्यांनी आणि पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंते गेले होते. एका थाई पाणबुड्याने त्यात जीव दिला. अशा कामात कोण मोठा, कोणी जास्त मदत केली, याचा हिशोब मांडणारे लोक मला आवडत नाहीत.

पोलिसांतही वेगळं नाही. भारत १९४९ पासून इंटरपोलमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या पोलिसांच्या संघटनेत, आहे, आज १९६ देश आहेत. हरवलेल्या माणसासाठी ते पिवळी नोटीस काढतात. २०२५ पासून भारतपोल पोर्टलवरून राज्यांचे पोलीसही सीबीआयमार्फत अशी विनंती पाठवू शकतात. आमच्या वेळी हे असतं तर किती बरं झालं असतं!

तेव्हा सरावात आपल्याच पोरांच्या घोळक्यात जेवू नकोस. मोडकं हिंदी चालेल, मोडकं इंग्रजीही चालेल. बांगलादेशचं पथक आलं तर त्यांच्या चक्रीवादळ स्वयंसेवकांविषयी मुद्दाम विचार. १९७० च्या वादळात त्यांची लाखो माणसं गेली. त्यानंतर गावोगाव मेगाफोन घेऊन इशारा देणारी माणसं त्यांनी तयार केली, त्यांत बायकाही पुष्कळ आहेत. मोबाइल बंद पडल्यावर ते काय करतात, म्हाताऱ्यांना घराबाहेर पडायला कसं राजी करतात, गुरं मागे ठेवायला तयार नसलेल्या माणसाला काय सांगतात, हे मला हवंय. मुडावद-प्रकाशाकडच्या काठावर नेमकं तिथेच घोडं अडतं.

माय म्हणते, “भाऊ, ध्यान ठेवजो.” दिवाळीला रजा मिळाली तर दोन दिवस जास्तीची घे. इथल्या आपदा मित्र पोरांना, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणाऱ्या गावच्या स्वयंसेवकांना, शिट्ट्यांचे ते इशारे शिकवायचे आहेत. सरपंचांशी बोलून ग्रामपंचायतीचा हॉल मी घेऊन ठेवतो. तारीख तेवढी कळव.

तुझे
नाना